कोणत्या इमामाची शरियत?

पुण्याजवळच्या मांजरी गावाचं नाव पत्त्यात लावणाऱ्या दोन संशोधन संस्था आहेत. एक द्राक्षांची, दुसरी उसाची. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने खास रसासाठी ‘मांजरी मेडिका’ हा वाण दिला. मांजरी बुद्रुकच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखरेच्या जोडीने मळीपासून काढायच्या अल्कोहोलचाही अभ्यास चालतो. द्राक्षाची दारू आणि इतर कशाचीही दारू, दोन्हींना एकच नियम लावायचा की नाही, यावर आठव्या शतकात इराकमधल्या कूफा शहरात जोरदार वाद झडत होता. आणि त्या वादाचा निकाल आजही आपल्याकडच्या खोकल्याच्या औषधाला आणि सॅनिटायझरला लागू होतो.

अबू हनीफा (६९९–७६७) हे कूफ्याचे रेशमी कापडाचे व्यापारी आणि कायद्याचे मोठे पंडित. त्यांचं म्हणणं असं, की कच्च्या द्राक्षरसाची आंबवलेली दारू थेंबभरसुद्धा निषिद्ध. पण मध, गहू, जव यांच्या पेयांना वेगळा नियम, तिथे नशा चढेल इतकं पिणं हराम. मदिनेचे इमाम मालिक, त्यांच्यानंतरचे शाफई आणि अहमद इब्न हंबल या तिघांना हा भेद अजिबात मान्य नव्हता. नशा आणणारी वस्तू घडाभर असो की थेंबभर, हरामच. गंमत अशी, की अबू हनीफांचे शिष्य मुहम्मद अश-शैबानी हेही या मुद्द्यावर गुरूला सोडून गेले, आणि पुढच्या हनफी मुफ्तींनी पिण्याच्या बाबतीत शिष्याचंच मत उचललं. मात्र औषधात, अत्तरात, हात पुसायच्या द्रवात अल्कोहोल आलं तेव्हा अनेक मुफ्ती परत गुरूकडे वळले: हे द्राक्षाचं किंवा खजुराचं नाही, मग अडचण कसली? म्हणजे बिअर हराम ती शिष्याच्या मताने, आणि औषध चालतं ते गुरूच्या मताने. दोन्ही मतं एकाच पंथातली आणि दोन्ही आज वापरात.

ही हुशारी की पळवाट, हा प्रश्न बाजूला ठेवू. मला त्यात वेगळंच दिसतं. आपल्याकडे ‘शरियत’ या विषयावर वाद पेटला की दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरूनच मैदानात उतरतात. एक बाजू म्हणते, शरियत ईश्वरी आहे, एकसंध आहे, तिच्या काना-मात्रेलाही हात लावता येणार नाही. दुसरी म्हणते, अगदी बरोबर, म्हणूनच ती मोडीत काढा. भांडणारे एकमेकांचे शत्रू, पण शरियतीचं चित्र दोघांच्या मनात एकच. माझं म्हणणं असं, की हे चित्र फारसं जुनं नाही. त्यातला बराच रंग इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी भरलेला आहे, आणि हे तपासायला बगदादला जायची गरज नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि पठारावर त्याचा पुरावा पडलेला आहे.

नमाजाच्या वेळांचं छापील तक्ता-कॅलेंडर नीट पाहा. दुपार आणि संध्याकाळ यांच्या मधल्या असरच्या नमाजाला अनेक तक्त्यांत दोन रकाने असतात, एक शाफई आणि एक हनफी. ऋतूप्रमाणे त्यांत पाऊण तासापासून सव्वा तासापर्यंत अंतर पडतं. कारण शुद्ध भूमितीचं आहे. काठी उभी रोवली, माध्यान्हीची सावली वजा केली आणि उरलेली सावली काठीएवढी झाली, की शाफईंच्या मते असरची वेळ सुरू. हनफी म्हणतात, थांबा, दुप्पट होऊ द्या. इथेही अबू हनीफांचे दोन्ही पट्टशिष्य गुरूच्या विरोधात, एकपटीच्याच बाजूने आहेत. आमच्या मांजरीच्या नव्या गृहसंकुलांत महाडकडचं कुटुंब आणि लातूरकडचं कुटुंब एकाच मजल्यावर राहतं, आणि दोघं वेगवेगळ्या रकान्यात बघतात. कोळंबी आणि खेकडा पातेल्यात आला की तोच भेद स्वयंपाकघरात शिरतो. समुद्रातलं सगळं चालतं, असं शाफई म्हणतात, त्यामुळे कोकणातल्या घरात खेकड्याच्या रश्श्याला धर्माची हरकत नाही. हनफींमध्ये फक्त मासा चालतो, खेकडा बाद, आणि कोळंबीला मासा म्हणायचं की नाही यावर त्यांच्यात शतकानुशतकं काथ्याकूट चाललेला आहे. दख्खनची बहुतेक हनफी मंडळी तो निकाल लागायची वाट न पाहता कोळंबी खाऊन मोकळी होतात.

हा भेद कोणी प्रवचन देऊन पाडला नाही, तो जहाजांनी आणि घोड्यांनी पाडला. कोकणात इस्लाम आला तो समुद्रमार्गे, अरबस्तान आणि आखातातल्या व्यापाऱ्यांबरोबर. इसवी सन ९१६च्या सुमारास अल-मसूदी हा बगदादचा इतिहासकार चौलला आला. तिथे त्याने सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती नोंदवली. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले लोक, शिवाय इथेच जन्मलेली त्यांची मुलं. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख होता, त्याला राष्ट्रकूट राजाची मान्यता होती. डहाणूजवळच्या चिंचणीत सापडलेल्या ९२६ सालच्या ताम्रपटात तर राष्ट्रकूटांचा एक अरब अधिकारीच दिसतो. त्याचं मुहम्मद हे नाव संस्कृतात ‘मधुमती’ झालं आहे, आणि तो हिंदू मठाच्या खर्चासाठी जमीन देतो आहे. इमाम शाफई ८२० साली इजिप्तमध्ये वारले, त्याला तेव्हा जेमतेम शंभर वर्षं झाली होती. हिंदी महासागराच्या कडेकडेने पुढे शाफई पंथ पसरला, येमेनपासून मलबारपर्यंत आणि त्याही पलीकडे. चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने होन्नावरच्या मुसलमानांना शाफई म्हणूनच नोंदवलं. पठारावरचा इस्लाम मात्र खैबरच्या वाटेने दिल्लीला आणि दिल्लीहून दौलताबादला आला. तुर्की आणि मध्य आशियाई परंपरेतला तो हनफी इस्लाम. सह्याद्री ही दोन विधिपंथांमधली सीमा ठरली, आणि ती अजून बऱ्यापैकी तशीच आहे.

इब्न बतूताचीच दुसरी हकिकत इथे लागू पडते. तो मोरोक्कोचा, म्हणजे मालिकी. मुहम्मद बिन तुघलकाने त्याला दिल्लीचा काझी नेमलं. मी मालिकी, इथले लोक हनफी, आणि मला इथली भाषाही येत नाही, अशी तक्रार त्याने केली. सुलतानाने त्याला दोन मदतनीस दिले आणि काम सुरू करायला सांगितलं. आज एखाद्या धर्मपीठावर हा प्रकार झाला, तर वर्तमानपत्रात मोर्चाची बातमी येईल.

मराठीत लिहिताना आपण आणखी एक सोपी वाटणी करतो: सुफी गोड आणि मुल्ला कडू. दर्ग्यांवर, शेख महंमदांवर, खुलताबादच्या संतांवर पानंच्या पानं लिहिली जातात, आणि विधिशास्त्राचं नाव निघालं की लेखक नाक मुरडतो. माहीमचे मखदूम अली (१३७२–१४३१) या वाटणीत बसत नाहीत. डिसेंबरातल्या त्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांकडून संदल जातो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण हा माणूस शाफई विधिज्ञ होता, कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा पंडित होता, आणि इब्न अरबीच्या एकत्ववादी तत्त्वज्ञानाचा कट्टर पुरस्कर्ताही होता. कायदा, धर्मतत्त्व आणि गूढवाद ही तिन्ही शास्त्रं एका कोकणी माणसाच्या डोक्यात सुखाने नांदत होती. खुलताबादच्या चिश्ती खानकाहातही नमाज-रोजाचा नियम ढिला नव्हता. सुफींना कायद्याविरुद्धचे बंडखोर म्हणून रंगवणं आपल्याला सोयीचं वाटतं. त्या काळात ते बहुतांशी कायद्याच्या आतलेच लोक होते.

तशीच सोयीची दुसरी कथा मुअतझिलांची. हे नवव्या शतकातले विवेकवादी; कट्टरपंथीयांनी त्यांना गाडलं आणि इस्लामचा विवेक संपला, असं आपले पुरोगामी हळहळून सांगतात. मुअतझिलांनी बुद्धीला मान दिला, हे खरं. पण कुराण अनादी नसून निर्माण झालेलं आहे, हे त्यांचं मत खलिफा मामूनने ८३३ साली काझींवर आणि पंडितांवर सक्तीने लादलं. न मानणाऱ्यांची चौकशी सुरू झाली. अहमद इब्न हंबल यांनी नकार दिला, तुरुंग भोगला, फटके खाल्ले. त्या प्रकरणात राजसत्तेचा दंडुका विवेकवाद्यांच्या हातात होता आणि फटके परंपरावाद्याच्या पाठीवर पडले. पुढची काही शतकं बहुसंख्य उलेमा खलिफाला सिद्धांत ठरवू द्यायला तयार झाले नाहीत, त्यामागे ही आठवण होती. इमाम मालिक यांच्याबद्दलही परंपरा सांगते, की खलिफाने त्यांचा ग्रंथ सगळ्या मुलखाचा कायदा करायची तयारी दाखवली आणि मालिक यांनी ती नाकारली. प्रत्येक प्रांतातल्या लोकांपर्यंत वेगळं ज्ञान पोचलेलं आहे, असं त्यांचं कारण. ही कथा घडली तशीच घडली की नाही, सांगता येत नाही. शिष्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या सांगावीशी वाटली, हे मात्र खरं.

या मतभेदांना मी सहिष्णुतेचा सुवर्णकाळ वगैरे म्हणणार नाही. पठारावरचा इतिहास त्याला आडवा येतो. विजापूरच्या आदिलशाहीचा राजपंथ सोळाव्या शतकात शिया, सुन्नी, पुन्हा शिया, पुन्हा सुन्नी असा किमान चार वेळा बदलला. पहिल्या इब्राहीमने सुन्नी पंथ आणला तेव्हा त्याच दमात इराणी अधिकाऱ्यांना काढलं, हिशेब फारसीतून देशी भाषेत आणले आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले. पंथ हे निमित्त, भांडण परदेशी आणि दख्खनी सरदारांचं. अहमदनगरला शाह ताहीर नावाचे विद्वान परांड्याहून आले, बुऱ्हाण निजामशाहाचे सल्लागार झाले आणि १५३७ साली त्याला इमामी शिया पंथात घेऊन आले. हे शाह ताहीर स्वतः निजारी इस्माइलींच्या एका शाखेचे इमाम होते, म्हणजे शिष्याला दिलेला पंथ त्यांचा स्वतःचाही नव्हता. पुढे १५८९ साली जमालखान या महदवी सरदाराने एका लहान मुलाला गादीवर बसवून महदवी पंथ राजपंथ केला. त्याच उलथापालथीत शहरात परदेशी लोकांची कत्तल झाली. दोन वर्षांत रोहणखेडच्या लढाईत जमालखान पडला आणि पंथ परत फिरला. पंथ आणि गादी एकत्र आले की काय होतं, याचं उदाहरण नगरकरांना दुसरीकडे शोधायला नको.

इंग्रजांनी इथेच एक वेगळीच गोष्ट केली. त्यांना पंथ बदलायचा नव्हता, पंथ गोठवायचा होता. हनफींचा ‘हिदाया’ हा ग्रंथ हॅमिल्टनने १७९१ साली इंग्रजीत आणला. काझी गेले, त्यांच्या जागी न्यायाधीश आले, आणि एका पंथातल्या एका ग्रंथातली एक ओळ म्हणजे मुसलमानांचा कायदा असं समीकरण बसलं. ज्या शास्त्रात मुफ्ती समोरच्या माणसाची अडचण पाहून मतं निवडत असे, ते शास्त्र पुस्तकाच्या पानावर स्थिर झालं.

तरी मुंबईची न्यायालयं विचित्र प्रकरणांत अडकत राहिली. १८४७ साली खोजा आणि मेमन मुलींच्या वारसाहक्काचा दावा आला. शरियतीत मुलीला वाटा आहे, पण जमातीच्या चालीरीतीत नाही. न्यायालयाने चालीरीतीला कौल दिला. १८६६ साली खोजांमधलाच मोठा खटला उभा राहिला. खोजा सुन्नी की इस्माइली, आणि आगाखानांचा त्यांच्यावर अधिकार आहे की नाही? न्यायमूर्ती आर्नोल्ड यांना दहाव्या शतकातल्या फातिमी खिलाफतीपासून खोजांच्या ‘दशावतार’ या ग्रंथापर्यंत सगळं चाळावं लागलं. निकाल आगाखानांच्या बाजूने लागला. अलीला दहावा अवतार मानणारी आणि स्वतःला एका खान्यात कधी बसवून न घेतलेली जमात एका निकालाने एका खान्यात बसली. मांजरीहून नदीकाठाने वर गेलं की येरवड्याचा आगाखान पॅलेस लागतो. १८९२ साली बांधलेला हा वाडा आपण गांधीजींच्या स्थानबद्धतेमुळे ओळखतो. त्या निकालाशिवाय पुण्यात हा वाडा असता का, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो १८६४चा, मुंबई उच्च न्यायालयातला एक कोकणी खटला, मुहम्मद इब्राहीम विरुद्ध गुलाम अहमद. पक्षकारांच्या परकार आणि रोघे या आडनावांवरूनच खटला कुठल्या मुलखातला ते कळतं. मुलगी शाफई घरातली. शाफई कायद्यात कुमारिकेचा निकाह वलीशिवाय, म्हणजे बाप किंवा जवळच्या पुरुष नातलगाशिवाय, होऊच शकत नाही. हनफी कायद्यात मात्र वयात आलेली स्त्री आपला निकाह आपण करू शकते. न्यायालयाने मानलं, की वयात आलेल्या मुलीला चारपैकी कोणताही सुन्नी पंथ स्वीकारता येतो, आणि तिने हनफी पंथ घेतला तर बापाच्या संमतीशिवाय झालेलं तिचं लग्न वैध आहे. एका मुलीने कूफ्याच्या इमामाचं बोट धरून कोकणातल्या बापाच्या हातातून सुटका करून घेतली! पंथांमधली ही फट खरी होती, आणि ती कोणी नवी शोधून काढलेली नव्हती. उलेमांना ती नेहमीच माहीत होती.

हीच फट पुढे कायदेमंडळातही वापरली गेली. हनफी कायद्यात नवरा परागंदा झाला तर बायकोची सुटका जवळपास अशक्य. त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत तिने वाट बघायची. मालिकी कायद्यात चार वर्षं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात काही बायका नकोशा लग्नातून सुटण्यासाठी धर्मच सोडू लागल्या तेव्हा देवबंदच्या परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी हादरले. त्यांनी मदिनेच्या मालिकी विद्वानांना विचारून त्यांचं मत हनफी स्त्रियांना लागू करण्याचा ग्रंथ लिहिला. त्यातूनच १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. नवऱ्याचा पत्ता चार वर्षं नसेल तर घटस्फोट. आज पुण्यातल्या कौटुंबिक न्यायालयात हनफी स्त्री जे कलम लावते, ते मदिनेच्या इमामाचं आहे. उलेमांनी या कायद्यावर पुढे नाराजीही दाखवली, कारण न्यायाधीश मुसलमानच असावा ही त्यांची अट विधेयकातून वगळली गेली. पण पंथ बदलून कायदा घेण्याला मूळ मान्यता त्यांचीच होती. त्याच्या दोनच वर्षं आधीच्या १९३७च्या शरियत कायद्यात मात्र एकाही पंथाचं नाव नाही. तिथे सगळ्यांची मिळून एक ‘शरियत’ आहे. आपले आजचे वाद या १९३७च्या कायद्याच्या भाषेत चालतात. १९३९च्या कायद्याचा विषय कोणी काढत नाही.

पंथांमधून अशी वाट काढण्याविरुद्धचा सर्वांत जोरदार आक्षेप एका कोकणी माणसाचाच आहे. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. दलवाईंना धर्मग्रंथाच्या नव्या अर्थात रस नव्हता. त्यांना सगळ्या नागरिकांना एकच कायदा हवा होता. त्यांचा मुद्दा मी असा मांडेन: बाईने चार इमामांच्या दारात फिरून आपल्यावर मेहेरबान इमाम का शोधावा? १८६४च्या त्या मुलीला वाट सापडली, पण ती इंग्रजी न्यायालयाने दिली म्हणून सापडली. गावच्या जमातीपुढे ती एकटी काय करणार होती? शिवाय तोंडी तीन तलाकच्या बाबतीत चारही सुन्नी इमाम एकत्र आहेत. एका बैठकीतले तीन म्हणजे तीनच. इथे निवड करायला दुसरं दारच नाही, चौघांच्या बाहेर जाऊन इब्न तैमिया, अहले हदीस किंवा शियांचा जाफरी कायदा धरल्याशिवाय.

दुसऱ्या बाजूला आसफ अली असगर फैजी. जन्म १८९९, माथेरान. सुलेमानी बोहरा घराण्यातले, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य, नंतर इजिप्तमध्ये भारताचे राजदूत. दहाव्या शतकातल्या काझी नुअमान यांचा ‘दआइमुल इस्लाम’ हा इस्माइली विधिग्रंथ त्यांनी संपादित केला. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक वकिलांच्या पिढ्यांनी वापरलं. त्यांनाही धर्म आणि कायदा वेगळे हवे होते. पण ते वेगळं करण्यासाठी आधी धर्माच्या कायद्याचा इतिहास तपशिलात माहीत हवा, असा त्यांचा मार्ग होता. दलवाई आणि फैजी या दोघांना आपण सहसा एका पंगतीत बसवत नाही. दलवाईंना आपण बंडखोर म्हणतो आणि फैजींना ग्रंथालयात ठेवतो. मला दोघांची गरज वाटते, आणि तीही वेगवेगळ्या कारणासाठी. निर्णय कोणाच्या हाती असावा, या प्रश्नावर दलवाई बरोबर आहेत: तो नागरिकाच्या आणि तिच्या न्यायालयाच्या हाती असावा. पण ‘शरियतीत बदल होऊच शकत नाही’ हे वाक्य खोटं ठरवायचं हत्यार फैजींच्या कपाटात आहे. दलवाईंच्या अनुयायांनी ते कपाट क्वचित उघडलं, आणि आजच्या एकजिनसी कायद्याच्या पुरस्कर्त्यांना तर ते कपाट असल्याचीही कल्पना नाही. त्यांच्या चर्चेत कोकणातल्या शाफई वलीचा उल्लेख नसतो, बोहऱ्यांच्या विधिग्रंथाचा नसतो, खोजांच्या दाव्याचाही नसतो. सगळे एका पोत्यात.

आणि मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळाला विचारायचा प्रश्न याहून अवघड आहे. चार वर्षांचा मालिकी नियम हनफी घरात चालला, तर एका दमातल्या तीन तलाकला एकच मानणारं मत का चालत नव्हतं? उत्तर येतं, की त्यावर चारही इमामांचं एकमत आहे. पण खुद्द हनफी ग्रंथच त्या तलाकला पाप म्हणतात, आणि पाप म्हणूनही वैध ठेवतात. २०१७ साली शायराबानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयात उभं राहिल्यावर मंडळाने प्रतिज्ञापत्रात सांगितलं, की निकाह लावतानाच एका दमात तीन तलाक देऊ नका, असं नवऱ्याला समजवायचा सल्ला आम्ही काझींना देऊ. म्हणजे सल्ला देता येत होता. त्याला कोणत्याही इमामाची हरकत नव्हती. तो सल्ला द्यायची तयारी सात बायकांच्या त्या मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी झाली.